टॅबलेट घ्यावा का? किमतीआधी पाहा घरातले नेटवर्क

चेन्नई : तमिळनाडू सरकारने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मोठी घोषणा केली. दोन वर्षांत २० लाख विद्यार्थ्यांना त्यांच्या पसंतीनुसार टॅबलेट किंवा लॅपटॉप देण्यात येईल, असे वित्तमंत्री तंगम तेन्नरसु यांनी विधानसभेत सांगितले आणि त्यासाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. तमिळमध्ये टॅबलेटला ‘कैक्कणिनी’, म्हणजे हातातला संगणक, आणि लॅपटॉपला ‘मडिक्कणिनी’, म्हणजे मांडीवरचा संगणक, असे सुटसुटीत शब्द आहेत. घोषणेत दोन्ही शब्द शेजारी-शेजारी होते. पुढे ‘एल्कॉट’ या राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने खरेदीची निविदा काढली, ती मात्र लॅपटॉपची होती.

सरकारपुढे असलेला हा प्रश्न आज देशातील असंख्य मध्यमवर्गीय आणि श्रमिक कुटुंबांपुढेही आहे. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करणाऱ्या पालकाला दुकानदार पडद्याचा आकार, साठवण क्षमता आणि किंमत सांगतो. खोक्यावर ‘वाय-फाय’ हा शब्द ठळक छापलेला असतो. हे यंत्र ज्या ठिकाणी वापरायचे आहे तिथे ते कोणत्या नेटवर्कला जोडले जाणार, याचे उत्तर खोक्यावर नसते. दहा-पंधरा हजार रुपयांची ही खरेदी अनेक घरांत महिन्याच्या मिळकतीइतकी किंवा त्याहून मोठी असते. म्हणूनच टॅबलेट घ्यावा का, वाय-फायचा घ्यावा की सिमचा, आणि तो न घेताही भागू शकते का, या तीन प्रश्नांची उकल खरेदीआधीच करणे हिताचे ठरते.

काम कोणते, त्यावर यंत्र

टॅबलेट हे प्रामुख्याने वाचण्याचे, पाहण्याचे आणि थोडक्यात नोंदी करण्याचे साधन आहे. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ वाचणे, व्याख्यानाची चित्रफीत पाहणे, अर्ज भरणे, हजेरी किंवा मोजमापे नोंदवणे ही कामे त्यावर उत्तम होतात. दीर्घ लेखन, हिशेबाचे मोठे तक्ते, अभियांत्रिकी आरेखन आणि संगणकीय आज्ञावली लिहिणे या कामांसाठी कळफलक, मोठा पडदा आणि पूर्ण क्षमतेची कार्यप्रणाली लागते. टॅबलेटला वेगळा कळफलक जोडता येतो. मात्र तो स्वतंत्र विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत धरली तर टॅबलेट साध्या लॅपटॉपच्या जवळ जाऊन पोहोचतो.

तमिळनाडूतच या फरकाचे उदाहरण मिळते. राज्य सरकारने २०२४ मध्ये शासकीय प्राथमिक शाळांतील शिक्षकांना सुमारे ८० हजार टॅबलेट देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. वर्गात फिरत मुलांची प्रगती नोंदवणे, धड्याचे साहित्य दाखवणे हे शिक्षकाचे काम उभ्याने आणि एका हाताने करण्याजोगे आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला प्रकल्प अहवाल लिहावा लागतो, आज्ञावली चालवून पाहाव्या लागतात. याच राज्याने २०११ पासून सुरू केलेल्या आधीच्या योजनेत ५० लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले होते. एकाच सरकारने शिक्षकाला टॅबलेट आणि विद्यार्थ्याला लॅपटॉप देणे यात विसंगती नाही; दोघांच्या हातातले काम वेगळे आहे.

चेन्नईतील आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम महाराष्ट्रातील विद्यार्थीही घरी बसून करू शकतात. त्याची व्याख्याने टॅबलेटवर पाहता येतील. परंतु त्यातील प्रोग्रामिंगचे स्वाध्याय टॅबलेटवर करणे जिकिरीचे ठरते. अशा विद्यार्थ्याने टॅबलेटसाठी साठवलेले पैसे आणखी काही महिने थांबून लॅपटॉपकडे वळवणे अधिक शहाणपणाचे. उलट दहावी-बारावीचा किंवा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, ज्याला मुख्यतः वाचायचे आणि ऐकायचे आहे, त्याला टॅबलेट पुरेसा आहे. फोनच्या लहान पडद्यावर तासन् तास पीडीएफ वाचण्यापेक्षा तो नक्कीच सुखकर आहे.

वारणेच्या शेतकऱ्यांचा अनुभव

नवे यंत्र न घेणे हाही निर्णय असू शकतो, हे महाराष्ट्रातील एका प्रयोगाने दाखवून दिले आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारून शेतकऱ्याला उसाचे वजन, तोडणीची परवानगी, बिलाची रक्कम अशी माहिती गावातच मिळावी, असा हेतू होता. व्यापक माहितीचे दालन म्हणून ही केंद्रे उभी राहिली, तरी प्रत्यक्षात त्यांचा वापर ऊस कारखान्याशी संबंधित मोजक्या नोंदींपुरता होत होता. संगणकांची देखभाल खर्चिक होती आणि जोडणी वारंवार तुटत होती.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक चाचणी घेतली. संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन आणि एसएमएस वापरण्यात आला. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा आणि उत्तरादाखल त्याच्या उसाची नोंद त्याला फोनवर मिळायची. संगणक केंद्रात होणारी सर्व कामे या पद्धतीने झाली; खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ती अधिक सोयीची वाटली.

हा प्रयोग स्मार्टफोन घरोघरी पोहोचण्यापूर्वीचा आहे. त्याचा धडा मात्र जुना झालेला नाही. जे काम हातातल्या फोनवर आधीच होते आहे, त्यासाठी दुसरे यंत्र घेतल्यास खर्च वाढतो, सोय वाढतेच असे नाही. बँकेचे व्यवहार, संदेश, रेल्वेचे आरक्षण, हवामानाचा अंदाज ही कामे टॅबलेट घेतल्यानंतरही बहुधा फोनवरच होत राहतील. म्हणून खरेदीपूर्वी आठवडाभर कागदावर टिपून पाहावे : फोनचा पडदा लहान पडला म्हणून कोणते काम अडले आणि किती वेळा? यादी रिकामी राहिली, तर उत्तर मिळाले.

‘आकाश’मध्ये सिम नव्हते

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ हा जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून सादर केला. डेटाविंड कंपनीने तयार केलेल्या या सात इंची टॅबलेटची सरकारला पडणारी किंमत सुमारे २,२५० रुपये होती. चर्चा झाली ती किमतीची. नंतर मंद प्रोसेसर, दाबून वापरावा लागणारा पडदा आणि लवकर संपणारी बॅटरी यांवर टीका झाली. आणखी एका उणिवेकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. विद्यार्थ्यांना द्यायच्या ‘आकाश’मध्ये केवळ वाय-फाय होते, सिम घालण्याची सोय नव्हती.

त्या काळात वाय-फाय असलेली महाविद्यालये मोजकी होती आणि घरात वाय-फाय असणारे विद्यार्थी त्याहूनही थोडे. ज्याच्याकडे ब्रॉडबँड आणि राउटर आहे, त्याच्याकडे बहुधा संगणकही होता. ज्याच्याकडे संगणक नाही, त्याच्या घरी या टॅबलेटला जोडण्यासारखे काहीच नव्हते. कंपनीने खुल्या बाजारात आणलेल्या ‘युबीस्लेट’ या भावंड यंत्रात २,९९९ रुपयांत सिमची सोय दिली होती, ही बाब पुरेशी सूचक आहे. पदरचे पैसे मोजणारा ग्राहक काय मागेल, हे बाजाराला ठाऊक होते.

सुधारित ‘आकाश-२’चे काम आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने झाले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते सादर झाले. प्रोसेसर आणि पडदा सुधारला. आयआयटी मुंबईने हजारो अभियांत्रिकी शिक्षकांना महाविद्यालयांमधून प्रशिक्षण देण्यासाठी या टॅबलेटचा उपयोग केला. महाविद्यालयाच्या आवारात, जोडणी आणि मार्गदर्शन दोन्ही उपलब्ध असताना स्वस्त यंत्रही कामाला येते, हे त्यातून दिसले. यंत्राची किंमत आणि यंत्राचा उपयोग यांच्यामध्ये नेटवर्क उभे असते, एवढे सूत्र या प्रकरणातून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बिनतारी जोडणीच्या दोन वाटा

आज बाजारात एकाच टॅबलेटच्या दोन आवृत्त्या आढळतात. एकीत फक्त वाय-फाय असते, दुसरीत वाय-फायसोबत सिमद्वारे फोर-जी किंवा फाइव्ह-जी जोडणी असते. वाय-फाय हे स्वतः इंटरनेट नव्हे. घरातल्या किंवा कार्यालयातल्या राउटरपासून यंत्रापर्यंतचा तो शेवटच्या काही मीटरांचा दुवा आहे. राउटरमागे ब्रॉडबँडची तार नसेल, तर वाय-फायच्या चिन्हाच्या सर्व रेघा दिसूनही पान उघडत नाही. सिमची जोडणी मात्र थेट मोबाइल मनोऱ्याशी असते. तिला घरात राउटर लागत नाही, पण दरमहा रिचार्ज लागतो.

दोन आवृत्त्यांतील फरक केवळ इंटरनेटपुरता नसतो. केवळ वाय-फाय असलेल्या टॅबलेटला मोबाइल क्रमांक नसतो. त्यावर एसएमएसने ओटीपी येत नाही. यूपीआयचे ॲप नोंदणीच्या वेळी त्याच यंत्रातील सिमवरून संदेश पाठवते, त्यामुळे अशा टॅबलेटवर ते सुरूच होत नाही. काही प्रसिद्ध टॅबलेटच्या वाय-फाय आवृत्तीत जीपीएसही नसते. आयपॅड हे त्याचे परिचित उदाहरण. शेताची मोजणी, सर्वेक्षण किंवा घरपोच सेवा यांसाठी टॅबलेट घेणाऱ्याने ही गोष्ट आवर्जून विचारावी.

सिमसाठी जादा पैसे कधी द्यावेत

तिसरा मार्गही आहे : फोनचे हॉटस्पॉट सुरू करून वाय-फायचा टॅबलेट त्याला जोडणे. बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी हाच सर्वांत स्वस्त पर्याय आहे. समजा, सिमच्या आवृत्तीला ४,००० रुपये अधिक पडतात आणि वेगळ्या रिचार्जला महिन्याला २५० रुपये लागतात. तीन वर्षांत रिचार्जचेच ९,००० रुपये होतात. म्हणजे एकूण १३,००० रुपयांचा जादा भार. एवढ्यात दुसरा टॅबलेट येऊ शकतो. हॉटस्पॉटचा वेगळा खर्च नाही. फोनमधील डेटा मात्र दोन यंत्रांत वाटला जातो, फोन तापतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते.

हॉटस्पॉटचा आणखी एक तोटा घरगुती स्वरूपाचा आहे. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो कामावर जाणाऱ्या आईकडे किंवा वडिलांकडे असेल, तर दिवसभर टॅबलेट जोडणीवाचून पडून राहतो. अशा घरात सिमची आवृत्ती चैन नसून गरज ठरते. कामानिमित्त सतत फिरणारी व्यक्ती, वीज गेल्यावर राउटर बंद पडतो असे गाव, आणि ब्रॉडबँडची तार न पोहोचलेली वस्ती, या ठिकाणीही जादा खर्चाचे समर्थन होऊ शकते. ज्या घरात ब्रॉडबँड आहे आणि टॅबलेट घराबाहेर जाणार नाही, तिथे मात्र सिमची खाच बहुधा रिकामीच राहते.

घरातील वाय-फायची परीक्षा

भारतात वाय-फायचा प्रसार होण्यामागे धोरणाचा मोठा वाटा आहे. जानेवारी २००५ मध्ये केंद्राने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग वाय-फायसाठी खुला झाला. टॅबलेट निवडताना या दोन आकड्यांना महत्त्व आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडून दूरवर पोहोचतात, पण पट्टा अरुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन आहेत. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रशस्त आणि वेगवान आहे, मात्र काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे त्याचा जोर ओसरतो.

वेळचेरी किंवा अंबत्तूरमधील दाट वस्तीत असो, की ठाणे-पिंपरीतील सदनिकांच्या इमारतीत, संध्याकाळी वाय-फायची यादी उघडली की डझनभर नावे दिसतात. अशा ठिकाणी केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा स्वस्त टॅबलेट अडखळतो आणि दोष ब्रॉडबँडला दिला जातो. म्हणून खोक्यावरील तपशिलात दोन्ही पट्टे लिहिलेले आहेत ना, हे पाहावे. ‘वाय-फाय ५’ किंवा त्यापुढचा क्रमांक असल्यास ५ गिगाहर्ट्झ निश्चित असते. ‘वाय-फाय ४’ असे लिहिलेले असल्यास ते असेलच असे नाही. ‘वाय-फाय ७’ मात्र अभ्यासाच्या टॅबलेटसाठी अनाठायी आहे. घरातला राउटर जुना असेल तर नव्या टॅबलेटचा वेगही त्या राउटरइतकाच राहतो.

परीक्षा घेणे सोपे आहे. टॅबलेट जिथे बसून वापरला जाणार, त्या जागी सध्याचा फोन घेऊन रात्री आठ-नऊच्या सुमारास बसावे आणि अर्धा तास चित्रफीत चालवून पाहावी. ती अडखळत असेल तर नवा टॅबलेट तो दोष दूर करणार नाही. राउटरची जागा बदलणे किंवा तो चांगला घेणे, हा उपाय टॅबलेटपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

सार्वजनिक वाय-फायवर किती विसंबावे

घरी जोडणी नसली तरी बाहेर मोफत वाय-फाय मिळेल, या भरवशावर टॅबलेट घेणारेही आहेत. चेन्नई सेंट्रलसह देशातील हजारो रेल्वे स्थानकांवर रेलटेलची सेवा आहे. दिवसातील पहिली ३० मिनिटे मोफत असतात आणि पुढे शुल्क लागते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेमुळे किराणा दुकानदार किंवा चहावालाही वाय-फाय केंद्र चालवू शकतो आणि त्याला वेगळा परवाना लागत नाही.

या सेवा उपयुक्त आहेत, तरी त्या पूरक म्हणूनच धराव्यात. रेल्वे स्थानकासारख्या ठिकाणी प्रवेशासाठी मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणजे सोबत फोन लागतोच. अर्ध्या तासात एखादे पुस्तक उतरवून घेता येते, रोजचा वर्ग चालवता येत नाही. शिवाय अनोळखी आणि पासवर्डविना खुल्या जोडणीवर बँकेचा व्यवहार करणे टाळावे.

नेटवर्क नसेल तेव्हा

चेन्नईकरांना या प्रश्नाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. वेळचेरी, पळ्ळिकरणै यांसारख्या सखल भागांत वीज आणि मोबाइल नेटवर्क दोन्ही खंडित झाले. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कोल्हापूर-सांगलीने, तर जुलै २०२१ मध्ये चिपळूणनेही हाच अनुभव घेतला. अशा वेळी वाय-फाय आणि सिम यांत फरक उरत नाही. यंत्रात आधी साठवलेले तेवढेच हाती राहते.

त्यामुळे साठवण क्षमता हा नेटवर्कचाच दुसरा चेहरा मानला पाहिजे. हिशेब करून पाहता येतो. आयआयटी मद्रासकडून समन्वय होत असलेल्या एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साधारण ३० तासांची व्याख्याने असतात. मध्यम दर्जाच्या चित्रफितीला तासाला सुमारे अर्धा जीबी धरला, तर संपूर्ण अभ्यासक्रम १५ जीबीत मावतो. ६४ जीबीच्या टॅबलेटमध्ये कार्यप्रणाली आणि ॲपची जागा वजा जाता असे दोन अभ्यासक्रम सहज राहतात. ३२ जीबीच्या टॅबलेटमध्ये एकालाही दाटी होते. मेमरी कार्डाची सोय असेल तर ही अडचण थोड्या पैशांत सुटते. एनपीटीईएलच्या अनेक व्याख्यानांचे लिखित अनुवाद मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. आठवड्यातून एकदा चांगली जोडणी मिळाली, तरी पुढच्या आठवड्याचा अभ्यास यंत्रात भरून ठेवता येतो. ज्याला असे नियोजन जमते, त्याला सिमच्या महागड्या आवृत्तीची निकड भासत नाही.

दुकानात पाहायच्या गोष्टी

टॅबलेटवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असणे कायद्याने बंधनकारक आहे. हा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. पक्के बिल घ्यावे. वॉरंटीचा आधार तेच असते. बिल नको असल्यास किंमत कमी करण्याची तयारी दाखवली जात असेल, तर सूट म्हणून मिळणारे पैसे प्रत्यक्षात वॉरंटीची किंमत असतात. तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळतील, हा प्रश्न दुकानात क्वचित विचारला जातो. अद्यतने थांबली की टॅबलेट लगेच बंद पडत नाही. मात्र काही काळाने ॲप एकेक करून चालेनाशी होतात. तीन वर्षांपूर्वी बाजारात आलेला टॅबलेट आज निम्म्या किमतीत मिळत असेल, तर त्याचे उरलेले आयुष्यही त्याच मानाने घटलेले असू शकते. आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात कंपनीचे सेवा केंद्र आहे का आणि पडदा बदलण्यास किती खर्च येतो, हेही तिथेच विचारावे. टॅबलेटमध्ये सर्वांत आधी फुटतो तो पडदाच.

उष्ण प्रदेशातील ग्राहकांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. अनेक उत्पादक ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात यंत्र वापरण्याची शिफारस करतात. मे महिन्यातील चेन्नई किंवा नागपूर ही मर्यादा रोजच ओलांडतात. उन्हात ठेवलेल्या गाडीत टॅबलेट ठेवणे, तसेच चार्जिंग सुरू असताना हॉटस्पॉट आणि चित्रफीत एकत्र चालवणे यामुळे बॅटरीचे आयुष्य झपाट्याने कमी होते.

वापरलेला टॅबलेट घेताना

जुन्या यंत्रांच्या बाजारात सिमची आवृत्ती एका बाबतीत सरस आहे. तिला आयएमईआय हा १५ अंकी क्रमांक असतो. ‘केवायएम’ ही अक्षरे इंग्रजीत लिहून, त्यापुढे जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केल्यास किंवा ‘संचार साथी’ या सरकारी सेवेवर तपासल्यास यंत्र चोरीचे म्हणून अवरुद्ध केलेले आहे का, ते कळते. केवळ वाय-फाय असलेल्या टॅबलेटला हा क्रमांकच नसतो. त्यामुळे ही तपासणीही शक्य नसते. अशा वेळी मूळ बिल पाहावे आणि विक्रेत्याने आपले गुगल किंवा ॲपलचे खाते समोर काढून टाकल्यावरच पैसे द्यावेत. जुन्या मालकाचे खाते तसेच राहिल्यास यंत्र पुन्हा सुरू करताना त्याचा पासवर्ड मागितला जातो आणि नव्या मालकाच्या हाती कुलूपबंद पाटी उरते.

निर्णयाचा क्रम

बहुतेक ग्राहक आधी किंमत ठरवतात, मग यंत्र निवडतात आणि नेटवर्कचा विचार घरी आल्यावर करतात. हा क्रम उलटा करणे फायद्याचे आहे. प्रथम काम ठरवावे. ते फोनवर होत असेल तर खरेदी थांबवावी आणि त्याला कळफलक लागत असेल तर लॅपटॉपसाठी बचत करावी. काम टॅबलेटचेच असेल, तर वापराच्या जागी वाय-फाय किंवा हॉटस्पॉटची जोडणी दिवसाच्या कोणत्या वेळी मिळते, ते पाहावे. ती मिळत असेल तर वाय-फायची आवृत्ती घेऊन वाचलेले पैसे अधिक साठवण क्षमतेवर खर्च करावेत. ती मिळत नसेल आणि मोबाइलचे सिग्नल चांगले असतील, तरच सिमच्या आवृत्तीचा आणि तिच्या मासिक रिचार्जचा भार उचलावा. दोन्ही नसेल, तर जोडणीची सोय होईपर्यंत थांबणे उत्तम.

सरकारी योजनेतून मिळणाऱ्या यंत्रालाही हाच क्रम लागू होतो. ‘आकाश’च्या वेळी विद्यार्थ्याला निवड करण्याची संधी नव्हती. स्वतःच्या पैशांनी खरेदी करणाऱ्या कुटुंबाला ती आहे आणि तिचा उपयोग दुकानात जाण्याआधीच करता येतो.